उत्साह टिकवायचा कसा आणि दुसऱ्याला द्यायचा कसा

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागातलं आमचं घर पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर परत आलो तर दार उघडेचना, आतून गाळानं धरलं होतं. खांदा लावून ढकललं. घोट्याच्या वर चिखल, भिजून फुगलेलं कपाट, आडवी पडलेली गव्हाची कोठी आणि तो वास. मी आणि धाकटा भाऊ उंबऱ्यावरच बसलो. हात कुठून घालायचा तेच कळत नव्हतं.

आई आत गेली. तिनं सगळं घर फिरून बघितलंच नाही. स्वयंपाकाचा ओटा तेवढा धरला. आधी सुपलीनं गाळ ओढला, मग नारळाच्या शेंडीनं घासत बसली. तासाभरानं कडप्प्याचा काळा रंग वर आला. मदतीला आलेल्या कॉलेजच्या पोरांपैकी एक जण दारातून डोकावला आणि म्हणाला, "काकू, ओट्यात तोंड दिसतंय की!" आई हसली, कितीतरी दिवसांनी. आणि आम्ही दोघं उठलो.

कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉपवर मला बावीस वर्षं झाली. त्यातली बारा सुपरवायझर म्हणून. आयटीआय करून आलेली शिकाऊ पोरं माझ्या हाताखालून जातात. कोण कशानं फुलतं आणि कोण कशानं मिटतं, हे रोज बघतो. त्या ओट्याच्या सकाळी जे घडलं तेच मला शॉपवर पुन्हा पुन्हा दिसलं आहे: उत्साह आधी येऊन मग काम सुरू होतं असं फार कमी वेळा घडतं. हात चालू लागले की तो येतो. आणि आपण केलेलं कोणीतरी नीट बघितलं की तो टिकतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच दोन गोष्टींवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: नेमकं काय झालंय ते ओळखा

"मूडच नाही", "मन लागत नाही" असं आपण सरसकट म्हणतो. त्यात किमान तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि तिघींचा इलाज वेगळा आहे.

एक म्हणजे दमणूक. लागोपाठ नाईट शिफ्ट, लग्नसराई, घरात आजारपण. यावर झोप हाच इलाज. सलग दोन रात्री नीट झोपून बघा. त्यानंतर कामाकडे बघून तोंड कडू होत नसेल, तर तुमच्या उत्साहाला काहीही झालेलं नव्हतं. दमलेल्या माणसाला प्रेरणादायी भाषण ऐकवणं म्हणजे डिझेल संपलेल्या ट्रॅक्टरला ढकलत बसणं.

दुसरा कंटाळा. झोप होते, जेवण जातं, पण काम तेच ते. हात आपोआप चालतात आणि डोकं रिकामं राहतं. इथं विश्रांतीनं काही होत नाही, उलट कंटाळा वाढतो. कामात थोडी अवघड गोष्ट घालावी लागते. आमचा एक ऑपरेटर सहा वर्षं एकाच मशीनवर होता आणि पार सुकून गेला होता. त्याला पोरांना सेटिंग शिकवायला लावलं. पगार तोच, मशीन तेच, पण माणूस वेगळाच दिसायला लागला.

तिसरी गोष्ट गंभीर आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच गोडी वाटत नाही, झोप उडाली किंवा दिवसभर झोपावंसं वाटतं, भूक गेली, जगणं नकोसं वाटतं, असं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं. घरातल्या अशा माणसाला "जरा उत्साही राहा" म्हणू नका. त्याच्यासोबत दवाखान्यात जा, बाहेरच्या बाकावर बसा.

दुसरी पायरी: ओटा धरा

कामाचा डोंगर बघितला की माणूस बसतो. म्हणून डोंगर बघायचाच नाही. पंधरा-वीस मिनिटांत संपेल आणि संपल्याचं डोळ्यांना दिसेल असा एकच तुकडा निवडायचा. "अभ्यास करायचा" हा तुकडा होत नाही. "त्रिकोणमितीची पहिली पाच गणितं" हा तुकडा आहे. "घर आवरायचं" असं ठरवू नका, "दारामागची खुंटी रिकामी करायची" असं ठरवा.

मशीन शॉपवर नव्या जॉबची सुरुवात अशीच होते. पाचशे नगांची ऑर्डर असली तरी आधी एकच नग काढतात. त्याला आम्ही फर्स्ट पीस म्हणतो. तो मोजायचा, तपासायचा, सही घ्यायची, मगच पुढे. त्या वेळी पाचशेचा विचार कोणी करत नाही. मला वाटतं, घरच्या कामालाही ही शिस्त जशीच्या तशी लागू पडते.

तुकडा निवडल्यावर वेळ आणि जागा त्याला बांधून टाका. पीटर गोलवित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे की "मी हे करणार" अशा नुसत्या निश्चयापेक्षा "अमुक झालं की तमुक करणार" असं आधी ठरवलेलं काम हातून होण्याची शक्यता बरीच वाढते. वाक्य साधं असावं:

"सकाळचा चहा झाला की कप खाली ठेवायच्या आधी वही उघडणार."
"शिफ्टवरून आलो की बूट काढून थेट गच्चीवर जाणार, दहा सूर्यनमस्कार."
"दुकानाचं शटर वर केलं की आधी कालची उधारी वहीत चढवणार."

हे वाक्य कागदावर लिहा. मनातलं वाक्य दुपारपर्यंत बदलतं.

आणि पंधरा मिनिटांनंतर मन खरंच उठलं नाही, तर थांबा. जबरदस्तीनं पुढे रेटू नका. माझा अनुभव असा आहे की दहापैकी सात वेळा माणूस थांबत नाही, पण थांबायची मुभा आहे हे माहीत असलं की सुरुवात सोपी जाते.

तिसरी पायरी: कालनिर्णयवर दुधासारखी नोंद

आपल्या घरात दुधाचा हिशोब कसा ठेवतात? भिंतीवरच्या कालनिर्णयवर. दूध आलं नाही त्या तारखेला खाडा. महिना संपला की खाडे मोजायचे, पैसे वजा करायचे. एका खाड्यामुळे कोणी दूधवाला बदलत नाही.

सवयीची नोंद नेमकी अशीच ठेवा. ज्या दिवशी काम झालं त्या तारखेवर टिक, नाही झालं तर खाडा. मोबाईलमधल्या ॲपपेक्षा भिंत बरी, कारण ती घरातल्या सगळ्यांना दिसते आणि येता-जाता आपल्यालाही. केलेलं काम दिसत राहणं हेच पुढच्या दिवसाचं इंधन आहे.

लंडनमधल्या संशोधकांचा २०१० सालचा एक अभ्यास आहे. ९६ जणांनी प्रत्येकी एक नवी सवय निवडली, आणि १२ आठवडे त्यांची पाहणी झाली. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं, पण माणसामाणसात फरक केवढा, तर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. "एकवीस दिवसांत सवय लागते" हे जे सगळीकडे ऐकू येतं, त्यावर विसंबून बाविसाव्या दिवशी स्वतःला नालायक ठरवणारी कितीतरी माणसं मी बघितली आहेत. त्याच अभ्यासात हेही दिसलं की मध्येच एक दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही. म्हणजे खाडा चालतो. माझ्या घरात नियम एवढाच आहे की लागोपाठ दोन खाडे होऊ द्यायचे नाहीत. पहिल्या खाड्याच्या दुसऱ्या दिवशी अर्धं काम केलं तरी टिक मिळते.

चौथी पायरी: खरड छाटणीचे दिवस ओळखा

माझ्या मामांची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. लहानपणी एप्रिल-मेच्या सुट्टीत मी तिथं जायचो आणि मला बाग बघून वाईट वाटायचं. द्राक्षं उतरून गेलेली, आणि मामांनी वेली अगदी ओरबाडल्यासारख्या छाटलेल्या. मांडवावर नुसते ओलांडे, म्हणजे वेलीच्या जाड आडव्या फांद्या, एक पान नाही, वर ऊन. ही खरड छाटणी. दुसरी छाटणी ऑक्टोबरच्या आसपास, ती फळछाटणी. तिच्यानंतर डोळे फुटतात, घड दिसतात, माणसं बाग बघायला येतात, व्यापारी फोन करतात.

मामा म्हणायचे, "घड ऑक्टोबरात दिसतो, पण ठरतो उन्हाळ्यात." आणि ते खरं आहे. खरड छाटणीनंतर जी नवी काडी वाढते, तिच्या डोळ्यात पहिल्या दोनेक महिन्यांत सूक्ष्म घड तयार होत असतात. त्या दिवसांत पाणी चुकलं, फुटींची गर्दी झाली, काडीला ऊन मिळालं नाही, तर ऑक्टोबरात कितीही फवारा, घड येत नाही, त्याची नुसती बाळी, म्हणजे वेल धरून चढते ती तार, होते. शेतकरी म्हणतात, घड जिरला. बाहेरून बघणाऱ्याला मात्र मे महिन्यात बागेत काहीच चाललेलं दिसत नाही.

प्रत्येक कामाला असा मे महिना असतो. एमपीएससीचं पहिलं वर्ष, नव्या दुकानाचे पहिले सहा महिने, शिकाऊ पोराची पहिली शिफ्ट, गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचा व्यायाम. राबणूक भरपूर आणि दाखवायला काही नाही. बहुतेक माणसं याच काळात सोडतात. अशा दिवसांत काय करायचं?

निकाल मोजणं बंद करायचं आणि मशागत मोजायची. ऑक्टोबरात घड मोजतात. मे महिन्यात पाण्याच्या पाळ्या मोजतात, किती फुटी विरळ केल्या ते बघतात. परीक्षा देणाऱ्यानं या काळात गुणांकडे बघू नये, किती पानं दुसऱ्यांदा वाचली ते लिहावं. नव्या दुकानदारानं गल्ला रोज मोजावाच, पण त्याच्या शेजारी "आज परत आलेली गिऱ्हाइकं" असा एक रकाना ठेवावा. आकडा वाढताना दिसला की धीर येतो, मग तो रुपयांचा नसला तरी.

घरच्यांनाही हे आधीच सांगून ठेवा. "मार्चपर्यंत माझ्याकडून काही निकाल दिसणार नाही, पण मी रोज हे करतोय," असं स्पष्ट बोललं की "काय झालं मग तुझं?" हा प्रश्न जेवताना कमी वेळा येतो. हा प्रश्न किती माणसांचं पाणी करतो ते विचारणाऱ्याला कळतही नाही.

पाचवी पायरी: शाबासकी द्यायला शिका

इथं मी जास्त थांबणार आहे, कारण सगळ्यात मोठी चूक माझ्याकडून याच ठिकाणी झाली.

जत तालुक्यातून आलेला एक पोरगा होता. हात चांगला, बोलणं कमी. एका दुपारी त्यानं बुशचे, म्हणजे आतून पोकळ गोल सुट्या भागाचे, अकरा नग घालवले. बोअर, म्हणजे आतलं भोक, मिलिमीटरच्या दोन शतांशानं मोठा. बाहेरचा व्यास मोठा राहिला तर पुन्हा टूल फिरवून दुरुस्त करता येतो, पण बोअर मोठा झाला की जॉब सरळ भंगारात. कारण शोधलं तर ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायची मापातली दुरुस्ती, भरताना वजाच्या जागी अधिक दाबलं गेलं होतं. मी सगळ्या शॉपसमोर त्याला झापलं. आवाज मशीनवरून ऐकू जाईल एवढा.

पुढचे आठ दिवस तो मुलगा माझ्याकडे एकही शंका घेऊन आला नाही. मला वाटलं, सुधारला. रिजेक्शनचं रजिस्टर बघितलं तर त्याचे खराब नग वाढले होते. विचारायची भीती वाटत होती म्हणून तो अंदाजानं ऑफसेट भरत होता. त्याच्या चुकीला मी माझी चूक जोडली होती आणि कंपनीचं नुकसान दोघांनी मिळून केलं होतं.

मी त्याला चहाच्या सुट्टीत बाजूला घेतलं आणि सांगितलं, "त्या दिवशी चारचौघांत बोललो ते चुकलं माझं." तो काही बोलला नाही. पण तीन-चार दिवसांनी चालू मशीन त्यानं मध्येच बंद केलं. मी गेलो तर म्हणाला, "सर, आवाज बदललाय." इन्सर्टची, म्हणजे टूलच्या टोकाला बसवलेल्या पात्याची, कड उडाली होती. पुढचा नग गेला असता, कदाचित बोअरिंग बारही. मी म्हणालो, "तू आवाज ऐकून थांबवलंस. हे मला यायला तीन वर्षं लागली होती." त्याचं तोंड मला अजून आठवतं. हसला नाही तो. हातातल्या कापसाच्या वेस्टनं मशीनचं दार पुसायला लागला, ते स्वच्छच होतं.

तिथून पुढे मी शाबासकीकडे कामातलं एक कौशल्य म्हणून बघायला लागलो. मायक्रोमीटर धरायला शिकावं लागतं तसंच हे. माझी पद्धत अशी:

नेमकं बोला. "छान काम", "मस्त", "व्वा" या शब्दांनी कोणाचं वाईट होत नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यातलं काही उरत नाही. काय बघितलंत ते सांगा. "भाजी छान झालीय" यापेक्षा "आज वांग्याला मसाला आतपर्यंत लागलाय" हे वाक्य करणारीच्या लक्षात राहतं. पुराच्या वेळचा तो कॉलेजचा मुलगा "काकू, तुम्ही ग्रेट आहात" म्हणाला असता, तर आई हसली असती असं मला वाटत नाही. त्यानं ओटा बघितला होता.

लगेच बोला. सहा महिन्यांनी अप्रेझलमध्ये सांगितलेली चांगली गोष्ट शिळी होते. त्याच दिवशी, जमलं तर त्याच तासात.

केलेल्या गोष्टीचं कौतुक करा, जन्मजात हुशारीचं नको. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका संशोधनात शाळकरी मुलांच्या एका गटाला "तुम्ही हुशार आहात" म्हटलं आणि दुसऱ्या गटाला "तुम्ही मेहनत घेतलीत" म्हटलं. नंतर दोघांनाही अवघड कोडी दिली, ज्यात ती अडखळणारच होती. हुशार म्हटलेली मुलं लवकर खचली, मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली. कारण उघड आहे. हुशारीचा शिक्का बसला की चूक झाल्यावर तो शिक्काच खोटा वाटायला लागतो. आपल्या घरांत "आमचा बाळ जात्याच हुशार" हे कौतुकानं म्हटलं जातं, पण बाळाला ते ओझं होतं.

"पण" टाळा. "काम चांगलं केलंस, पण उशीर झाला" या वाक्यातलं पहिलं अर्धं ऐकणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. दोन गोष्टी सांगायच्या असतील तर दोन वेळा सांगा. चांगलं आत्ता, उशिराचं संध्याकाळी.

तुलना नको. "बघ, शेजारचा अथर्व कसा करतो" यानं आजवर कोणाचा उत्साह वाढलेला मी पाहिलेला नाही.

कौतुक चारचौघांत करावं का? सगळ्यांनाच ते मानवत नाही. काहींना सगळ्यांच्या टाळ्या हव्या असतात, काही लाजून आक्रसतात. जतच्या त्या पोराला मी नेहमी मशीनपाशी जाऊन, त्याला एकट्यालाच ऐकू जाईल असं बोलायचो. चूक मात्र कायम एकांतातच सांगायची, याला माझ्याकडे अपवाद नाही. आणि सांगताना आधी विचारायचं, "हे कसं झालं असेल, तुला काय वाटतं?" निम्म्या वेळा तो स्वतःच नेमकं कारण सांगतो.

आता पैशाबद्दल. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये एक प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली, काहींना त्याचे पैसे दिले. पैसे बंद झाल्यावर, मोकळ्या वेळात, पैसे मिळालेल्या मुलांचा त्या कोड्यांतला रस कमी झालेला दिसला. यावरून काही मालक सोयीचा अर्थ काढतात की पैशापेक्षा कौतुक महत्त्वाचं. असं अजिबात नाही. पगार वेळेवर आणि रास्त हवा, ओव्हरटाईमचा हिशोब चोख हवा. त्याशिवाय दिलेली शाबासकी चीड आणते, आणि यायलाच हवी. त्या प्रयोगातून मी एवढंच घेतो की माणूस आवडीनं करत असलेल्या गोष्टीला दर वेळी बक्षिसाचं आमिष लावू नये. पोरगी स्वतःहून चित्र काढत असेल तर "दहा चित्रं काढलीस तर आईस्क्रीम" म्हणू नका. तिच्या शेजारी बसा आणि विचारा, "ही नदी लाल का रंगवलीस?"

सहावी पायरी: प्रोत्साहन म्हणजे कधी कधी हातभार

नुसत्या शब्दांनी भागत नाही असे प्रसंग असतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढे कुस्त्या लढवून त्यांनी ते ऋण फेडलं. "जिंकून ये" म्हणणारे तेव्हा पुष्कळ असतील. तिकिटाचं बघणारे थोडे होते.

आपल्याला कोणी घर गहाण टाकायला सांगत नाही. तुमच्या घरात कोणी काही नवं करत असेल तर एकच प्रश्न विचारा: "तुझं कुठलं काम मी माझ्याकडे घेऊ?" माझ्या बायकोनं चाळिशीत शिवणाचा कोर्स लावला तेव्हा मी खूप कौतुक करत होतो आणि ती तरीही कंटाळून सोडायच्या बेतात होती. एके दिवशी तिनं सांगितलं, "संध्याकाळच्या भाकरी तेवढ्या करा." मी शिकलो. पहिल्या भाकरींना कडा फुटलेल्या असायच्या. कोर्स पूर्ण झाला.

सातवी पायरी: शाबासकी देणारं कोणी नसेल तर

एकट्यानं दुकान चालवणारा, घरी म्हाताऱ्या सासूचं सगळं करणारी बाई, घरून काम करणारा मुलगा, यांचं काम कोणाला दिसतच नाही. त्यांना "स्वतःच स्वतःची पाठ थोपटा" एवढंच सांगणं मला अपुरं वाटतं. बघणारं माणूस लागतंच, म्हणून ते जमवायचं.

आपल्याकडे भिशी चालते ती कशामुळे? रक्कम लहान असते, पण ठरल्या तारखेला बाकीचे वाट बघत असतात. तशीच कामाची भिशी लावा. तीन किंवा चार जण, त्याहून जास्त नको. आठवड्यातून एक दिवस, ठरलेली वेळ, अर्धा तास. प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या: गेल्या आठवड्यात काय केलं, कुठं अडलं, पुढच्या आठवड्यात एक काय करणार. बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही, जोपर्यंत तो मागितला जात नाही तोपर्यंत. ऐकायचं आणि एक नेमका प्रश्न विचारायचा. सल्ल्याचा नियम पाळला नाही तर महिन्याभरात ही भिशी फुटते, हे मी दोनदा बघितलं आहे. आमची सध्याची भिशी रविवारी सकाळी आमराईत फिरताना होते.

मोबाईलबद्दल थोडक्यात

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ साली ठरवलं की रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजेल आणि टीव्ही-मोबाईल दीड तास बंद राहतील. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, गप्पा मारतात. साडेआठला पुन्हा भोंगा. यातली शिकण्यासारखी गोष्ट अशी की एकट्या मुलाला "मोबाईल ठेव" म्हटलं की भांडण होतं, सगळ्यांनी मिळून ठेवला की होत नाही. घरात भोंगा नसला तरी कुकरची शिट्टी आहे. आमच्याकडे आठला कुकर लागतो आणि तेव्हापासून जेवण होईपर्यंत सगळ्यांचे फोन फ्रिजवर. माझासुद्धा, आणि आधी माझा.

शेवटची पायरी: उद्याचा तुकडा आज मांडून ठेवा

शॉपवर शिफ्ट सोडताना पुढच्या माणसासाठी टूल जागेवर लावायचे, चिप्स काढायच्या, कुठला जॉब कितव्या ऑपरेशनवर आहे ते रजिस्टरमध्ये लिहायचं अशी पद्धत असते. येणाऱ्याची पहिली वीस मिनिटं वाचतात. उद्या सकाळी येणारा माणूस तुम्हीच असलात तरी हे करा. वही उघडी, त्यावर पेन, कुठल्या ओळीपासून सुरू करायचं तिथं खूण. चालायला जायचं असेल तर बूट दाराशी, मोजे बुटात. गणित अर्धं सोडवून उठलात तरी चालेल, अर्धं गणित सकाळी माणसाला ओढून बसवतं.

पुरानंतर आमचं घर लागायला सतरा दिवस लागले. रोज रात्री निवाऱ्याच्या शाळेत परत जाण्याआधी आई दुसऱ्या दिवशीच्या खोलीच्या दारात बादली पालथी घालायची, तिच्यावर सुपली, शेजारी खराटा उभा. सकाळी आम्ही दार उघडलं की कुठून सुरुवात करायची ते विचारावं लागत नव्हतं.